गाडी थांबली की सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन कुटुंबे, दोन गाड्या, आजीपासून पहिलीतल्या मुलापर्यंत नऊ माणसे. पुण्याहून निघायचे, दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत किनाऱ्याने खाली जायचे आणि आंबा घाटाने परतायचे. इतक्या लांब स्वतःच्या गाडीने जाण्याची पहिलीच वेळ. अशा प्रवासांत लोकांच्या काय काय फजित्या होतात, आणि त्यांतून आधीच काय शिकून ठेवावे?

मी कोकणात स्वतःच्या गाड्यांनी जाणाऱ्या कुटुंबांना वाट दाखवायचे काम करते. पुढे माझी गाडी, मागे त्यांच्या चार-सहा गाड्या, असा ताफा असतो. या कामात एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे, ती आधी सांगते म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल. घरात वर्षानुवर्षे हसत-हसत सांगितल्या जातात त्या फजित्या गाडी पळत असताना क्वचितच होतात. त्या होतात गाडी उभी असताना: पंपावर, चहाच्या टपरीपाशी, पुळणीवर, हॉटेलच्या फाटकात. गाडी चालू असते तेव्हा चालवणारा सावध असतो, शेजारचा रस्ता बघत असतो, मागच्यांना हलायला जागा नसते. गाडी थांबली की नऊ माणसांची तोंडे नऊ दिशांना होतात. म्हणून मी ताफा नेताना रस्त्यापेक्षा थांब्यांचा विचार जास्त करते, आणि तुम्हीही तेच करा असे माझे मनापासून सांगणे आहे.

सगळ्यांत जास्त वेळा घडते ते माणूस मागे राहणे. दोन गाड्या असल्या की त्याची शक्यता फारच वाढते, आणि एक गाडी सीएनजीवर असेल तर आणखी, कारण सीएनजी भरताना सगळ्यांना खाली उतरावे लागते आणि उतरलेली माणसे पांगतात. एका कुटुंबाने मला सांगितलेली गोष्ट. माणगावच्या बाजूला एका पंपावर त्यांच्या आत्या स्वच्छतागृहाकडे गेल्या. पुढच्या गाडीला वाटले, भावाशी गप्पा मारायला मागच्या गाडीत बसल्या असतील. मागच्या गाडीला वाटले, आपल्या जागेवर पुढे जाऊन बसल्या असतील. ‘सगळे आले का?’ असे दोन्ही गाड्यांत विचारले गेले आणि दोन्हीकडून ‘हो’ असे उत्तर आले. आत्यांची पर्स आणि पर्समधला मोबाइल गाडीत. त्यांना एकच नंबर पाठ होता, सांगलीच्या माहेरचा. तो त्यांनी पंपावरच्या फोनवरून लावला. सांगलीहून फोन गेला पुण्याला, पुण्याहून गाडीतल्या भावाला, आणि आपली बहीण आपल्या मागच्या गाडीत नाही हे त्याला असे सांगलीमार्गे कळले. दोन्ही गाड्या वळून परत आल्या तोवर आत्यांचा दोनदा चहा झाला होता, आणि पंपावर हिशेब लिहिणाऱ्या मुलीला त्यांनी कोल्हापूरकडचे एक स्थळही सुचवून ठेवले होते.

‘सगळे आले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. जो आलेला नाही तो ‘नाही’ म्हणायला तिथे नसतो, आणि जे आलेले असतात ते सवयीने ‘हो’ म्हणतात. माझ्या ताफ्यात प्रत्येकाला घरून निघतानाच एक आकडा देते. गाडी सुरू करण्यापूर्वी जो तो आपला आकडा मोठ्याने म्हणतो: एक, दोन, तीन. मध्ये आवाज तुटला की कोण नाही ते लगेच कळते. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि आजी-आजोबाही दुसऱ्या दिवसापासून हौसेने आकडा म्हणतात. दुसरा नियम असा की मुक्कामापर्यंत ज्याची गाडी ठरली ती ठरली. गाडी बदलायची असेल तर ती जेवणाच्या थांब्यावर, दोन्ही चालकांना सांगून. आणि मुलांच्या व ज्येष्ठांच्या खिशात दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. हल्ली आपल्यापैकी कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो, आत्यांना एक तरी होता.

याच प्रकारातली दुसरी गंमत पांढऱ्या गाड्यांची. महामार्गावरच्या मोठ्या उपाहारगृहाबाहेर बघा, निम्म्या गाड्या पांढऱ्या, त्यातही एकाच जातीच्या चार-पाच शेजारी शेजारी उभ्या. एक आजोबा जेवून सगळ्यांच्या आधी बाहेर आले, दार उघडे मिळाले, मागच्या सीटवर बसले आणि डोळे मिटले. गाडीचे मालक म्हणजे एक तरुण जोडपे. दोघे आले, पुढे बसले आणि निघाले. अर्धा किलोमीटर गेल्यावर मागून आवाज आला, “एसी जरा कमी कर रे.” त्या मुलाने गाडी नीट बाजूला घेतली हे त्याचे मोठेच कौतुक. आजोबांना परत आणून सोडले, तेव्हा इकडे घरचे लोक स्वच्छतागृहाची दारे वाजवत फिरत होते. दोन्ही कुटुंबे अजून एकमेकांना दिवाळीचा फराळ पाठवतात. तुमच्या गाड्या पांढऱ्या असतील तर मागच्या वायपरला लाल रिबीन बांधा, आणि नंबराचे शेवटचे चार आकडे लहान-मोठ्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या.

आता चावीचे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्यापासून ही एक नवीच फजिती सुरू झाली आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. अशा गाडीला चावी जवळ असल्याची खूण फक्त सुरू करताना लागते. इंजिन एकदा सुरू झाले की चावी गाडीबाहेर गेली तरी ते बंद पडत नाही, कारण चालत्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पडणे जास्त धोक्याचे. गाडी फक्त पी-पी करून आणि समोरच्या पडद्यावर खूण दाखवून सांगते. एका प्रवासात धाकटा भाऊ चिपळूणला मित्राकडे उतरला. इंजिन चालूच होते, वहिनी सरकून चालकाच्या जागी बसल्या. पी-पी आवाज झाला तो सगळ्यांना सीटबेल्टचा वाटला, म्हणून सगळ्यांनी शहाण्यासारखे बेल्ट तपासले. मग पंचेचाळीसेक किलोमीटरवरच्या गुहागरला हॉटेलच्या फाटकात गाडी तिरकी थांबवून, खोल्या विचारायला म्हणून वहिनींनी इंजिन बंद केले. चावी चिपळुणात, भावाच्या खिशात. फाटक अडलेले, आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. भाऊ एसटीने चावी घेऊन येईपर्यंत हॉटेलच्या सगळ्या पाहुण्यांची एकमेकांशी ओळख झाली होती.

यावर उपाय सोपा आहे. चावी खिशात ठेवूच नका. आरशाखाली किंवा गिअरपाशी एक ठरलेली जागा करा आणि चालक बदलला की चावी हातातून हातात द्या. चावीतला सेल संपला तर घाबरू नका. चावीच्या पोटात बारीक धातूची किल्ली असते, तिने दार उघडते. आणि बहुतेक गाड्यांत चावी सुरू करण्याच्या बटणाला टेकवून, नेहमीसारखा ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबले की इंजिन सुरू होते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तिकेत आजच बघून ठेवा. बऱ्याच चाव्यांना सीआर २०३२ हा गोल सेल लागतो. तो एक जास्तीचा बरोबर ठेवा, खेड्यातल्या दुकानात मिळेलच असे नाही.

पंपावरची दुसरी भीती म्हणजे चुकीचे इंधन. सासऱ्यांची किंवा मित्राची गाडी मागून नेतात तेव्हा हे जास्त होते, कारण हाताला आपल्या गाडीची सवय असते. एका वडिलांनी रोजच्या सवयीने पेट्रोलच्या रांगेत डिझेलची गाडी लावली आणि टाकी फुल करायला सांगितली. त्यांची मुलगी नुकती वाचायला शिकली होती. दिसेल ती पाटी ती मोठ्याने वाचायची, गावांची नावे, पानटपऱ्या, ट्रकमागची वाक्ये, आणि सकाळपासून सगळ्यांनी तिला ‘आता पुरे’ म्हणून झाले होते. ती खिडकीतून ‘पे-ट्रो-ल’ असे वाचू लागली आणि तिसऱ्या अक्षराला वडील दार उघडून धावले. दीडेक लिटरच गेले होते. त्या दिवसापासून तिला कोणी गप्प केले नाही.

डिझेल गाडीत पेट्रोल गेले तर काय होते ते कळले की पुढची काळजी आपोआप घेतली जाते. डिझेल गाडीच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. पेट्रोल गेले की ते वंगण जाते, धातू धातूवर घासतो आणि त्याचा चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत पोचतो. मग खर्च फार मोठा. म्हणून चूक लक्षात येताच इंजिन सुरू करू नका, काच खाली करायला म्हणूनसुद्धा चावी फिरवू नका, कारण बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच टाकीतला पंप चालू होतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. पेट्रोलच्या नळीचे तोंड डिझेलच्या नळीपेक्षा बारीक असते, ते डिझेल गाडीच्या टाकीत सहज जाते, म्हणून चूक बहुधा याच दिशेने होते. टाकीच्या झाकणाच्या आतून मोठ्या अक्षरांत ‘डिझेल’ अशी चिकटपट्टी लावा. पंपावर उतरून उभे राहा, शून्य बघा, इंधनाचे नाव तोंडाने सांगा.

पंक्चरची गोष्ट त्या मानाने साधी, पण स्टेपनी सामानाखाली असते हे विसरू नका. चार दिवसांचे सामान, त्यावर चादरी, त्यावर डबे, आणि सगळ्यांच्या तळाशी स्टेपनी. मंडणगडच्या रस्त्यावर एका गाडीचे सगळे सामान असे रस्त्याकडेला मांडावे लागले होते. तिथून जाणाऱ्या एका मावशींनी थांबून सोलापुरी चादरीचा भाव विचारला, आणि विकायची नाही म्हटल्यावर ‘मग मांडलीत कशाला?’ असे विचारून पुढे गेल्या. निघण्याआधी घरीच एकदा चाक बदलून बघा. चोरीला आळा म्हणून चाकाला वेगळा नट असेल तर तो सोडवायचा खास पाना गाडीत आहे का, जॅकचा दांडा कुठे आहे, स्टेपनीत हवा आहे का, हे त्या एका तासात कळते. जॅकखाली ठेवायला फळीचा एक तुकडा घ्या. कोकणातल्या मऊ मातीत जॅक वर जाण्याऐवजी खाली जातो.

नावांचा घोळ निघण्याआधीच निस्तरायला हवा. तुम्ही ‘मुरूड’ असे टाकून निघणार असाल तर थांबा. दापोलीजवळचे मुरूड वेगळे, ते महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात. आणखी एक मुरूड लातूर जिल्ह्यात आहे, तिथे समुद्र नाही एवढे तरी बरे. दोन भावांच्या दोन गाड्या वेगवेगळ्या वेळी निघाल्या आणि दोघेही वेळेत ‘मुरूडला’ पोचले. फोनवर दोघे सांगत होते, “मी समुद्रासमोर उभा आहे.” “मीपण समुद्रासमोरच.” “माझ्या डाव्या हाताला नारळाची बाग आहे.” “माझ्यापण.” एकाने गाडीचे दिवे उघडझाप केले, दुसऱ्याने टपावर उभे राहून टॉवेल हलवला. शेवटी ‘किल्ला दिसतोय का?’ असा प्रश्न निघाला, तर किल्लाही दोघांना दिसत होता, एकाला जंजिरा आणि दुसऱ्याला सुवर्णदुर्ग. किनाऱ्याकिनाऱ्याने एका मुरुडाहून दुसऱ्या मुरुडाला जायचे तर आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेश्वी अशा दोन फेरीबोटी लागतात. ती रात्र दोघांनी आपापल्या मुरुडात काढली. गणपतीपुळे आणि गणेशगुळे हे असेच. दोन्ही रत्नागिरी तालुक्यात, एक शहराच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. पालीही दोन, बल्लाळेश्वराची पाली सुधागडात आणि महामार्गावरची पाली रत्नागिरीजवळ. मुक्कामाच्या घरमालकांना फोन करून तालुका विचारा, त्यांच्याकडून ठिकाणाची खूण मोबाइलवर मागवा आणि तीच एक खूण दोन्ही गाड्यांत ठेवा.

तुमच्या वाटेत दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट येईल. गाडीसकट खाडी ओलांडायची आणि दापोलीकडून थेट गुहागरकडे उतरायचे, मुलांना फार आवडते. शेवटच्या फेरीची वेळ त्या दिवशी सकाळीच फोनवर विचारून घ्या. ती चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. बोटीवर चढताना गाडीत चालकच राहू द्या, बाकीच्यांना उतरवा, आणि बोटीवरचा माणूस हात करील तसेच चाक फिरवा. घरचे तीन जण तीन बाजूंनी ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडू लागले की चालकाचे काही खरे नाही. बोटीत हातब्रेक लावा आणि गिअरमध्ये टाका. धोपाव्याला उतरल्यावर पुन्हा आकडे म्हणायचे विसरू नका. रेलिंगपाशी डॉल्फिन शोधत उभे राहिलेले काका परतीच्या फेरीने पुन्हा दाभोळला गेल्याचे मी पाहिले आहे.

आता वाळू. यावर जरा सविस्तर बोलते, कारण इथली फजिती हसण्यावारी जाते तशी महागातही पडते. पुळणीवर गाडी नेऊच नका, हे माझे पहिले सांगणे. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. एवढ्या लांबून पोहत आलेल्या मादीची अंडी आपल्या चाकाखाली जाऊ नयेत, यासाठी तरी गाडी वर झाडांत लावावी. कित्येक किनाऱ्यांवर गाड्यांना बंदीही आहे. तरीही लोक नेतात, कारण ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते. ती घट्ट असते ती पाणी उतरल्यावर. पाणी पुन्हा चढू लागले की चाकाखालची वाळू सैल होते आणि उभी गाडी आपल्याच वजनाने बसू लागते.

दापोलीच्या मुरुडात एका कुटुंबाने सकाळी नऊला गाडी पुळणीवर लावली आणि सगळे डॉल्फिन बघायला होडीतून गेले. तृतीयेचा दिवस होता. ते परतले बाराच्या सुमाराला, तेव्हा निम्मी चाके पाण्यात होती. मग सगळ्यांनी जे करायचे नसते ते सगळे केले. जोरात अॅक्सिलरेटर दाबला, मागून ढकलले, चाके जागीच फिरली आणि गाडी पोटावर बसली. ढकलणाऱ्या तिघांच्या अंगावर वाळू अशी उडाली की त्यांच्याच मुलीने आधी वडील समजून काकांचा हात धरला. शेवटी पर्यटकांना फिरवायला आणलेली बैलगाडी सोडून तिच्या बैलजोडीने गाडी बाहेर काढली. बैलांच्या मालकाने पहिली गोष्ट केली ती गाडीतले गाणे बंद करायला लावले, बैल बुजत होते. दुसरी म्हणजे सगळ्यांना बोलणे थांबवायला सांगितले. मग जिभेने टक-टक आवाज काढला आणि वीस लाखांची गाडी निमूटपणे बैलांमागून वर आली.

तृतीयेचा उल्लेख मी मुद्दाम केला. कोकणात भरतीचा अंदाज काढायची जुनी रीत आहे, ती मुलांनाही शिकवा. पक्ष कोणताही असो, तिथीचा पाऊणपट करायचा. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे तृतीयेला सकाळी आठला पाणी सगळ्यांत लांब होते आणि नऊला ते परत फिरले होते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा कमी. हा अंदाज आहे, तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून पोहायला उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. पण दिनदर्शिका बघून दिवस आखायला हा हिशेब पुरेसा होतो.

चाक कुठेही वाळूत रुतलेच तर आधी पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. सगळ्यांना उतरवा. चाकांच्या पुढची-मागची वाळू हातांनी काढा, पायपुसणी चाकाखाली सारा. टायरमधली हवा ३२ पीएसआय असेल तर १८ च्या आसपास आणा, टायर पसरतो आणि वाळूवर पकड येते. मग आलेल्या चाकोरीनेच, हलक्या पायाने, मागे या. रस्त्यावर आल्यावर सावकाश चालवत पहिल्या पंपावर हवा भरा, आणि खारे पाणी लागले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुऊन घ्या. मदतीला येणाऱ्यांशी पैशांचे आधीच बोला आणि त्यांनी सांगितले तसे करा. त्यांच्या हातून अशा खूप गाड्या निघालेल्या असतात.

घाटाबद्दल थोडक्यात, कारण तिथे हसण्यासारखे फार नाही. उतारावर पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका, ब्रेक तापले की धरेनासे होतात. ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरने उतरा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. वळणावर फोटोसाठी थांबू नका. पावसाळ्यात वरंधा घाट बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा ताम्हिणीने जायचे की कसे ते निघण्याआधी ठरवा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, लांबचे बघायला सांगा, मोबाइल काढून घ्या आणि आल्याची वडी द्या. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, घाट सुरू व्हायच्या निदान अर्धा तास आधी. संकटात ११२ लावा, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

घाटातल्या थांब्यावर मात्र माकडे आहेत. सनरूफ उघडे ठेवून फोटो काढायला गेलेल्या एका गाडीत माकड उतरले, भडंगाची पिशवी घेऊन चालकाच्या जागेवर बसले आणि त्याचा हात हॉर्नवर पडला. हॉर्न वाजला तसे ते दचकून पुन्हा हॉर्नवरच पडले. शेवटी पिशवी घेऊन पळाले, पण भडंग एसीच्या फटींतून पुढे आठवडाभर निघत होते. काचा आणि सनरूफ बंद करूनच उतरा, आणि माकडांना खायला देऊ नका. खायला मिळते म्हणून ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली मरतात. मला ते बघवत नाही.

एक सांगायचे राहिले. फजिती झाली की कोणामुळे झाली हे ठरवायला लगेच बसू नका. मागे राहिलेल्या आत्यांना आधी पाणी विचारा, वाळूत गाडी घालणाऱ्या भावजींना आधी कोरडा टॉवेल द्या. मी पाहिले आहे, त्याच क्षणी दोष दिला की पुढचे दोन दिवस त्या गाडीत कोणी मोकळे बोलत नाही, आणि मुले सगळ्यांत आधी गप्प होतात.

परतीचा घोटाळा गाडीच्या डिकीत असतो. एका कुटुंबाने सकाळी नीरा केंद्रावरून दोन बाटल्या भरून घेतल्या, घट्ट बुचे लावली आणि डिकीत ठेवल्या. नीरेत साखर असते, उष्णतेने ती भराभर आंबते आणि वायू सुटतो. दुपारी घाटाच्या पायथ्याशी मागून ‘ठो’ असा आवाज झाला. टायर फुटला असे समजून चालकाने गाडी बाजूला घेतली, चारही चाके तपासली, स्टेपनीही तपासली, काही सापडेना. सगळे गाडीखाली वाकून बघत असताना दुसरी बाटली फुटली आणि आजी म्हणाल्या, “अरे, ताडीचा वास येतोय.” नीरा केंद्रावरच, थंड असतानाच प्यावी. डिकीत सरबताच्या, आगळाच्या बाटल्या असतील तर त्या उभ्या ठेवा, बादलीत ठेवल्या तर उत्तम. मासे न्यायचे असतील तर बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून, खाली मोठे प्लास्टिक घालून ठेवा. घरी पोचल्यावर त्याच रात्री स्टेपनी उचला आणि तिच्या खळग्यात पाणी उतरले आहे का बघा. उतरले असेल तर तळाचे रबरी बूच काढून पाणी जाऊ द्या, धुवा, आणि दुसऱ्या दिवशी डिकी उघडी ठेवून गाडी उन्हात लावा.